सोमाजीभाऊंची मोटर रिकामी जात नाही

मी एक जुनी मोटर आहे. मित्रांनो, मोटर म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा पंप आला असेल, तर तो आधी पुसून टाका. पंपाच्या मोटरशी माझं वैर नाही, पण तिच्याशी माझी तुलना झालेली मला खपत नाही. ती तारेवरच्या विजेवर चालते. तारेतली वीज गेली की ती बसली. मी बॅटरीवर चालते. बॅटरी सोबत घ्यायची, म्हणाल तिथे जायचं आणि वजन ओढायचं, हे माझं काम. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि उचलताना दोघंही काहीतरी पुटपुटतात. ते काय पुटपुटतात ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाचं गोल अंग, पोटात तांब्याच्या तारांची गुंडाळी आणि वीज आत घेण्यासाठी कार्बनचे चार काळे तुकडे. रंग लावून, खोक्यात घालून मला रेल्वेने चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कागद कारखान्यात पाठवलं. तिथल्या गोदामात कागदाचे मोठमोठे रूळ रचलेले असत. एवढ्या कागदात पेट्रोलची गाडी फिरवायची म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून तिथे बॅटरीवरची बुटकी मालगाडी होती आणि त्या गाडीत मी होते.

गाडी चालवायला सोमाजी होता. ब्रह्मपुरीकडच्या मोहाटोला नावाच्या गावचा माणूस. उंच, सडपातळ, बोलायला कमी. गाडी सुरू करताना त्याने कधी धक्का दिला नाही. कळ हळूच दाबायचा, मला वजनाचा अंदाज येऊ द्यायचा आणि मग पुढे न्यायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा होई. बाकीच्या यंत्रांना हळदकुंकू आणि झेंडूची फुलं मिळत. सोमाजी बौद्ध. तो पूजा करत नसे. पण त्या दिवशी तो मला चिंध्यांनी लख्ख पुसायचा आणि माझ्या पाठीवर निळ्या रंगाचा एक पट्टा ओढायचा. मागच्या वर्षीच्या पट्ट्यावर या वर्षीचा. फुलं दुसऱ्या दिवशी सुकून जात. माझा पट्टा वर्षभर टिकायचा, याचा मला मनातून फार अभिमान होता.

साहेब लोक पाहुण्यांना गोदाम दाखवायला आणत तेव्हा सांगत, 'ही गाडी कधी बंद पडत नाही.' सोमाजी बाजूला उभा राहून ऐकायचा. मग एक दिवस त्याचा निवृत्तीचा हार झाला, नारळ झाला आणि तो गावी गेला. जाताना माझ्यावर हात ठेवून उभा राहिला होता. पुढे नव्या गाड्या आल्या, जुनी गाडी मोडीत निघाली आणि मी चंद्रपूरच्या लच्छू भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडले. एका फुटक्या बाथटबाच्या आणि सायकलींच्या सांगाड्यांच्या मध्ये. कावळे माझ्यावर बसून इकडेतिकडे बघायचे. एवढीच काय ती माझी चौकशी.

आता पुढचं जे सांगते ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नंतर गाडीत बसणाऱ्या मुलींच्या गप्पांतून ते मला कळलं. मुली फार बोलतात आणि मोटरला कान असतात हे कोणाच्या लक्षात येत नाही.

मोहाटोल्यात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर नऊ किलोमीटरवर ब्रह्मपुरी. बस फाट्यापर्यंतच यायची. राहिली काळीपिवळी जीप. तिच्यात आत माणसं, टपावर माणसं आणि मागे लोंबकळलेली माणसं. एकदा शाळेत जाताना सोमाजीच्या शेजारी राहणाऱ्या नीलाबाईच्या डिंपलचा हात सुटला आणि ती रस्त्यावर पडली. हाताचं हाड मोडलं. थोडक्यात निभावलं, पण गावातल्या आयांनी धसका घेतला आणि एकेक मुलगी घरी बसू लागली. सोमाजीची नात पिंकी त्यातलीच. तिने आजोबांच्या खाटेशी बसून दोन दिवस रडून काढले.

पिंकीचा बाप संघपाल ब्रह्मपुरीत टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवतो. कोणतीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा माणूस. गावात एका डॉक्टरची जुनी फियाट पडून होती. वैनगंगेच्या पुरात तिचं इंजिन बुडून जाम झालं होतं. डॉक्टरांना अंगण मोकळं हवं होतं, त्यांनी ती संघपालला देऊन टाकली. संघपालने ठरवलं, इंजिन काढायचं आणि गाडी बॅटरीवर चालवायची. पेट्रोलचा खर्च नाही आणि मुलींना आरामात बसून जाता येईल. चालवायला बाबा आहेतच, त्यांनी जन्मभर बॅटरीचीच गाडी चालवली.

सगळं होतं, फक्त मोटर नव्हती. मित्रांनो, बॅटरीवरच्या गाडीसाठी परवडणारी आणि भरवशाची मोटर मिळणं किती कठीण असतं ते संघपालला विचारा. आधी त्याने धानाच्या बांधीवरची, म्हणजे शेतातली पंपाची मोटर आणली. ती बॅटरीवर चालेना. बॅटरीची वीज तिच्याजोगी करून देणारा खोका त्याने स्वतः बांधला. खोक्यातून धूर आला आणि दुकानात चार दिवस जळका वास राहिला. मग ट्रकचं इंजिन सुरू करणारी छोटी मोटर लावली. तिने गाडी झटक्यात हलवली, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली आणि इतकी तापली की तिच्यावर पापड भाजता आला असता. ती काही सेकंदांच्या कामाचीच, तिचा दोष नाही. नागपूरला नव्या मोटरची चौकशी केली. दुकानदाराने किंमत सांगितली आणि संघपालने पाणी मागितलं. दिल्लीहून मागवावी तर पैसे आधी भरायचे, मोटर कशी निघेल ते नशीब.

शेवटी तो चंद्रपूरला बाबुलालकडे गेला. बाबुलाल कोळसा खाणींच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा कारागीर. त्याने संघपालचं सगळं ऐकून घेतलं.

"पंपाची घेऊ नको, ट्रकाची घेऊ नको," बाबुलाल म्हणाला. "गोदामात माल ओढणारी जुनी गाडी असते ना, तिची मोटर पाहा. भंगारात भेटन. आणि एक ध्यानात ठेव. थे मोटर हातात घेऊन पाहाची तर जीपच्या लहान बॅटरीवर, तेबी घडीभर. पूर्ण बॅटऱ्या लावून रिकामी फिरवू नको. तिच्या अंगावर वजन पाहिजेच."

संघपालने ते मनात ठेवलं. घरी येऊन जेवताना त्याने मोटरचं सांगितलं. सोमाजी भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. निवृत्त झाल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. बायको गेली, काम गेलं, चहाला उठायचं आणि परत पडायचं. तो कुशीवर वळला.

"आमच्या गाडीची मोटर काऊन नाई पाहत?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बापलेक भाड्याची जीप घेऊन चंद्रपुरात भंगाराची आवारं पालथी घालत फिरले. मी मात्र त्या दिवशी लच्छूच्या घणाखाली होते. तांब्याला भाव आला होता आणि लच्छूने मला फोडायला बाहेर ओढलं होतं. एक घाव बसलासुद्धा, त्याची खूण अजून माझ्या खांद्यावर आहे. दुसऱ्या घावाआधी फाटकातून आवाज आला, "थांब रे, थांब." निळा पट्टा लांबून दिसला होता. सोमाजी लगबगीने आला आणि सरळ माझ्यावर बसला.

"भाऊ, उठा," लच्छू म्हणाला. "ऊन तापून राह्यलं. लोखंड हाये थे, बूड भाजन तुमचं."

"भाजू दे. फोडाची तर आधी मले उठव."

लच्छू हसायला लागला. संघपालने बापाला उठवलं, माझ्या दांड्याला हात घातला आणि मला सावकाश फिरवलं. मी किती वर्षं फिरले नव्हते, मित्रांनो. तरी खरखर केली नाही. त्याने झाकण काढून वास घेतला, जळका वास नव्हता. जीपची बॅटरी आणून दोन तारा लावल्या आणि मी गुणगुणले. सोमाजीने डोळे मिटून ऐकलं.

"तेच हाये," तो म्हणाला.

लच्छूने तांब्याच्या भावाने मला सोडलं. जीपमध्ये चढवताना त्यानेही हात लावला आणि तोही पुटपुटला.

दिवाळीपर्यंत मी फियाटच्या पोटात बसले. मागे बॅटऱ्या, पायाखाली तीन टप्प्यांची कळ. पहिल्या दिवशी सोमाजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आला. पाच मुली आत कोंबल्या गेल्या, दप्तरं मांडीवर. त्याने कळ हळूच दाबली आणि मी ओळखीच्या पायाखाली निघाले. माझा आवाज होत नाही म्हणून रस्त्यावरच्या म्हशी बाजूला सरेनात. मग डिंपलने बैलाची घुंगरमाळ आणून पुढच्या बाजूला बांधली. तेव्हापासून छुमछुम करत आम्ही शाळेत जाऊ लागलो. सागाच्या जंगलाच्या वळणावर चितळं मान वर करून पाहत आणि पळतसुद्धा नसत. सोमाजी आता पहाटे उठून गाडी पुसायचा. खाट दिवसभर उभी करून ठेवलेली असायची.

आणि मग ती गोष्ट घडली.

डिसेंबर महिना होता. धानाची मळणी उरकून खळ्यावर राशी पडल्या होत्या. दुपारची वेळ, शनिवारची अर्धी शाळा आटोपून मुली घरी आलेल्या. एकाएकी आभाळ भरून आलं. वारा पडला. नीलाबाईचं सगळं वर्षाचं धान भुश्यासकट खळ्यावर उघडं होतं. तिचा नवरा मजुरीला परगावी, घरात ती आणि डिंपल. उफणायचा मोठा पंखा होता, पण भारनियमनामुळे वीज नव्हती. आमच्याकडे अशा वेळी एक रीत आहे. जीपचं मागचं चाक जॅकवर उचलायचं, टायर काढायचा, रिंगवर पट्टा चढवून त्यावर पंखा फिरवायचा. पण त्या दिवशी गावातल्या दोन्ही जीपा लग्नाला गेल्या होत्या.

नीलाबाई सोमाजीकडे धावत आली नाही. ती खळ्यावर उभी राहून आभाळाकडे पाहत होती. सोमाजीनेच तिला पाहिलं. संघपाल दुकानात होता. कोणाला विचारायचं? त्याने गाडी खळ्यावर नेली, चाक उचललं, पट्टा चढवला आणि कळ दाबली. पंखा फिरला. भुसा उडायला लागला, धान खाली पडायला लागलं. लोक टोपल्या भरभरून ओतू लागले. म्हातारेकोतारे म्हणत होते, सोमाजीची मोटर जीपेपेक्षा बरी. मला ते ऐकून बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

रास संपत आली आणि पट्टा निसटला.

मित्रांनो, मी कशी घडलेली आहे ते तुम्हाला सांगायला हवं. वजन जितकं जास्त, तितकी मी सावकाश आणि जोर लावून चालते. वजन कमी झालं की मी जोरात फिरते. आणि वजन अजिबात नाहीसं झालं तर मला थांबताच येत नाही. वेग वाढत जातो, वाढत जातो आणि शेवटी माझ्याच पोटातल्या तारा उसळून बाहेर येतात. ओझ्याने मी मरत नाही. रिकामी सोडली की मरते. हवेत उचललेलं चाक, पट्टा सुटलेला. मी किंचाळायला लागले. आयुष्यात कधी केला नव्हता असा आवाज माझ्या पोटातून निघाला. बायका टोपल्या टाकून पळाल्या. सोमाजीने कळ सोडली, पण कळ चिकटली होती. तेव्हा त्याने मागे जाऊन बॅटरीची जळती तार उघड्या हाताने ओढून काढली.

मी थांबले. त्याच्या तळहाताची कातडी तारेला चिकटून राहिली होती.

पाऊस आला तोवर नीलाबाईचं धान ताडपत्रीखाली गेलं होतं. रात्री संघपालने माझं झाकण उघडलं आणि दिवा आत धरला. कार्बनचे तुकडे फुटलेले, तारा उसवलेल्या.

"बाबुलालनं मले सांगतलं होतं, रिकामी फिरवू नको म्हणून," तो म्हणाला. "मी तुमाले सांगाले पाहिजे होतं, बाबा."

"सांगतलं असतं तरी मी लावलंच असतं," सोमाजी म्हणाला. "तिचं धान भिजून राह्यलं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पण आता मी गाडीले हात नाई लावत."

आणि त्याने खाट आडवी केली.

तुम्हाला वाटेल, हाताची जखम बरी झाली की उठेल. हात बरा झाला, माणूस उठला नाही. मला तेव्हा कळलं की आम्ही दोघं एकाच मातीचे आहोत. मुली पुन्हा घरी बसल्या. पिंकी बापाच्या सायकलवर कधी जायची, कधी नाही. डिंपलची शाळा सुटल्यातच जमा होती आणि पुढे वार्षिक परीक्षा होती. संघपालने दुसरी मोटर शोधली. लच्छूकडे गेला, तर आवारात नुसते फुटलेल्या मोटरींचे पोलादी सांगाडे पडलेले. वणीपर्यंत जाऊन आला. माझ्यासारखी मिळाली नाही, हे सांगताना मला वाईट वाटतं आणि थोडं बरंही वाटतं.

शेवटी त्याने मलाच बाबुलालकडे न्यायचं ठरवलं. जीपमध्ये मला धरून बसायला कोणीतरी हवं म्हणून सोमाजीला खाटेवरून उठवून सोबत घेतलं. तो सारा रस्ता माझ्यावर हात ठेवून बसला होता.

बाबुलालने मला उघडलं. आधी नाक मुरडलं, मग चष्मा लावला, मग बोटाने तारा चाचपल्या.

"मरता मरता राह्यली," तो म्हणाला. "आणखी घडीभर फिरली असती तर फेकाचीच होती. तार कोनं ओढली?"

सोमाजीने तळहात पुढे केला. बाबुलालने तो पाहिला. काम घेतलं.

मी तिथे बरेच दिवस होते. नवी तार, नवे कार्बन, वर वार्निश. मला न्यायला बापलेक परत आले तेव्हा संघपाल जीप पाहायला बाहेर गेला. सोमाजी हळूच बाबुलालजवळ सरकला.

"भाऊ, मुलीइले शाळेत सोडून गाडी वापस आणताना तिच्यात कोनी नसते. रिकामी आणली तर मोटर जळन का?"

"नाई हो. गाडी जमिनीवर हाये ना? गाडीचंच वजन पुरते तिले. बेफिकीर आणा."

सोमाजीने मान डोलावली. हे बोलणं आम्ही तिघांनीच ऐकलं. पुढची गोष्ट समजायला ते तुम्ही लक्षात ठेवा.

मी परत गाडीत बसले, पण सोमाजी बसेना. "माझ्या हातानं पुन्हा काही झालं तर?" एवढंच म्हणायचा. संघपाल दुकान सोडून दोन वेळा गाडी चालवू शकत नव्हता. परीक्षा सुरू व्हायच्या दिवशी सकाळी गाडी घरापुढच्या छपराखाली, सपरीत उभी होती आणि शेजारी खाटेवर सोमाजी. नीलाबाई आली. त्या खळ्यावरच्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच समोर येत होती. गाडीचं दार उघडून डिंपलला आत बसवलं. मग पिंकी बसली. मग बाकीच्या तिघी आल्या आणि बसल्या.

"भाऊ," नीलाबाई म्हणाली, "आज मराठीचा पेपर हाये."

एवढं बोलून ती निघून गेली. तिने वळूनही पाहिलं नाही. पाच मुली आत गप्प बसल्या. पिंकी कधी गप्प बसत नाही, तीही बसली. थोड्या वेळाने खाट करकरली. मला ओळखीचा पाय कळेवर जाणवला. मी शक्य तेवढी सावकाश निघाले.

पेपर वेळेवर झाला. आणि त्याच दिवशी परत येताना ती गंमत सुरू झाली.

फाट्यापुढे रस्त्यावर चंदाबाई चालत होती. ढिवर समाजातली म्हातारी. वैनगंगेतली मासळी ब्रह्मपुरीत विकायची आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन पायी परतायची. जीपवाले तिला घेत नसत आणि गाडी थांबवून कोणी बस म्हटलं तर तीच नाही म्हणायची. फुकट बसायचं तिला जमत नसे. सोमाजीने गाडी थांबवली.

"बाई, बसा."

"नाई भाऊ. मासळीचा वास लागन तुमच्या गाडीले. पोरीइची गाडी हाये."

"बाई, तुमी नाई बसल्या तर माझं काम अडते. हे मोटर रिकामी जात नाई. रिकामी नेली की जळते. पाह्यलं ना, खळ्यावर काय झालं? वजन पाहिजे तिले."

चंदाबाईने गाडीकडे पाहिलं, सोमाजीच्या हाताकडे पाहिलं. "असं हाये का," ती म्हणाली आणि टोपली सांभाळत आत बसली. गावाजवळ आल्यावर तिने विचारलं, "उद्या बी वजन लागन का?" सोमाजी म्हणाला, "रोज लागते."

मित्रांनो, मी बोलू शकले असते तरी काही बोलले नसते.

तेव्हापासून सोमाजीची गाडी कधी रिकामी आली नाही. दवाखान्यातून परतणाऱ्या बायका, कोंड्याची पोती, बाजारातून निघालेले म्हातारे. एकदा कोणीच भेटलं नाही तेव्हा त्याने कोणाची तरी शेळी आणली. लोक आपण उपकार घेतो असं समजतच नव्हते. ते उपकार करायला बसत होते. गावात लहान पोरंही सांगायची, सोमाजीभाऊंची मोटर रिकामी जात नाही.

संघपालच्या कानावर हे गेलं. त्याला वाटलं, बाबांचा गैरसमज झाला. गाडीचं वजनच पुरतं हे त्याला माहीत होतं. एक दिवस तो सांगायला तोंड उघडणार होता, पण त्याने बापाला शेळी गाडीत चढवताना पाहिलं आणि तोंड मिटलं. बापाचं मन दुखायला नको म्हणून मुलगा गप्प आणि लोकांचं मन दुखायला नको म्हणून बाप खोटं बोलतो. मी मधल्यामध्ये शेळीचं वजन ओढत होते.

वर्षं गेली. मुली दहावी झाल्या, नव्या मुली बसल्या. डिंपल नर्सिंग शिकायला गडचिरोलीला गेली. पिंकी ब्रह्मपुरीतच पॉलिटेक्निकला विजेचं शिकते आहे. आता फाट्यावरून बस गावात येते, म्हणून मला रोजचं काम राहिलेलं नाही. आठवड्यातून एकदोनदा पिंकी गाडी काढते. सोमाजीची डावी बाजू गेल्या वर्षी हवेने, म्हणजे लकव्याने गेली. काठीवर, कोणाच्या खांद्यावर भार देऊन तो चार पावलं टाकतो. खाट परत आडवी झाली आहे, आणि आता ती आडवी असण्याला कारण आहे.

परवा मंडई होती. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दुकानं लागतात. शेजारच्या गावच्या मंडईला घरातले सगळे मोटरसायकलवरून पुढे गेले. पिंकी सपरीत आली.

"आबाजी, चला."

"मले कुठी नेतं बाई," सोमाजी भिंतीकडे पाहत म्हणाला. "उठवाले एक माणूस, बसवाले एक. तमाशा नको. तू जा."

"मंग मले गाडी रिकामी न्या लागन," पिंकी म्हणाली. "मोटर जळन."

मित्रांनो, ती मुलगी माझ्यासारख्या मोटरींवर परीक्षा देऊन आली आहे. गाडीला आपलंच वजन पुरतं, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. सोमाजीने सावकाश मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी सरळ होता.

"कोनत्या पुस्तकात लिवलं हाये?" त्याने विचारलं.

"पुस्तकात नाई. तुमीच सांगता सगळ्याइले."

तो हसायला लागला. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, डोळ्यांत पाणी आणि तो हसतच राहिला. मग त्याने उजवा हात पुढे केला. तळहातावर ती जुनी खूण होती.

"मंग बसाच लागन," तो म्हणाला. "मोटरचा प्रश्न हाये."

पिंकीने त्याला उठवलं, चालवत आणून पुढच्या सीटवर बसवलं. तिने कळ हळूच दाबली, त्याच्याचसारखी. घुंगरमाळ वाजली आणि आम्ही निघालो.

मित्रांनो, माझं सांगणं फार नाही. एखादी जुनी वस्तू घणाखाली घालण्याआधी तिला एकदा हाताने फिरवून पाहा. आणि घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल तर त्याला सोबत घेऊन निघा. काऊन म्हणून विचारलं तर कारण खोटं सांगितलं तरी चालेल.